अक्षराची जन्मतारीख

सातपुड्यातल्या काठी गावाचे नाव महाराष्ट्रभर पोचले ते तिथल्या राजवाडी होळीमुळे. अक्कलकुवा तालुक्यातले हे गाव पूर्वी मेहवासी संस्थानांपैकी एकाचे ठिकाण होते. खानदेशच्या १८८० च्या गॅझेटिअरात या मेहवासांचे वर्णन आहे. होळीवर दर वर्षी भरभरून लिहून येते, छायाचित्रे छापून येतात. पण या डोंगरातल्या माणसाची जमीन, शिक्षण आणि नोकरी ज्या वस्तूवर अडते किंवा सुटते, तिच्याबद्दल फारसे कोणी लिहीत नाही. ती वस्तू म्हणजे पत्र्याच्या पेटीत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून जपलेला कागद.

या कागदावरच्या तारखेला इथे फार किंमत आहे. अनुसूचित जमातींची यादी जाहीर करणारा राष्ट्रपतींचा आदेश ६ सप्टेंबर १९५० चा. जमातीच्या दाखल्याची पडताळणी होते तेव्हा त्या तारखेआधीचा पुरावा शोधला जातो. आजोबा-पणजोबांचा शाळेतला दाखल-खारीज उतारा किंवा कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद मागितली जाते. स्वातंत्र्यपूर्व काळातल्या नोंदीला अधिक वजन द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे. दुसरी तारीख १३ डिसेंबर २००५. वनहक्क कायद्याखाली जमीन मिळायची तर त्या दिवसाआधीपासून ती कसत असल्याचे दाखवावे लागते. शिवाय तीस वर्षांहून जुना कागद योग्य ताब्यातून आला, तर तो खरा मानून चालण्याची मुभा साक्षीपुराव्याच्या कायद्याने न्यायालयाला दिलेली आहे.

तारखेला अशी किंमत आली की मागची तारीख घालणारेही निघतात. 'बोगस आदिवासी' हा शब्द नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत रोजच्या बोलण्यात आहे. खोट्या दाखल्यावर घेतलेली जागा म्हणजे कुठल्या तरी खऱ्या पावरा, वसावे किंवा तडवी मुलाच्या हातून गेलेली जागा असते. जात पडताळणी समित्या आणि त्यांच्या दक्षता पथकांची चौकट सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये घालून दिली. जुलै २०१७ च्या निकालात तर दाखला अवैध ठरल्यास त्यावर मिळालेले लाभही जातात, असे स्पष्ट केले. तेव्हा कागद खरा की खोटा हे सांगणारी विद्या आपल्याला नीट यायला हवी. तिचा एक भाग शाईचा, एक हस्ताक्षराचा आणि एक छापील अक्षराच्या घडणीचा आहे. तिसऱ्या भागाकडे मराठीत आपण फार दुर्लक्ष केले आहे.

त्याचे मूळ तत्त्व सोपे आहे. कागद त्यावरच्या सर्वांत नव्या गोष्टीपेक्षा जुना असू शकत नाही. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला. त्याआधी काठी धुळे जिल्ह्यात होती, त्याही आधी पश्चिम खानदेशात आणि १९०६ पूर्वी नुसत्या खानदेशात. १९९३ चा मूळ दाखला म्हणून पुढे आलेल्या कागदाच्या छापील मथळ्यावर 'जिल्हा नंदुरबार' असेल, तर तो त्या वर्षीचा नाही. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आला. सहा आकडे मिरवणारा १९६८ चा लेटरहेड तिथेच संपतो. गावाला किंवा जिल्ह्याला जशी जन्मतारीख असते, तशी अक्षराच्या वळणालाही असते.

जगाला हे कळले ते २०१७ मध्ये, पाकिस्तानातल्या पनामा कागदपत्रांच्या प्रकरणात. नवाझ शरीफ यांच्या कन्येच्या बाजूने आलेल्या एका विश्वस्तपत्रावर फेब्रुवारी २००६ ची तारीख होती आणि मजकूर कॅलिब्री या फॉन्टात होता. लंडनच्या दस्तऐवज तज्ज्ञाने कळवले की कॅलिब्री बाजारात आला तो जानेवारी २००७ च्या अखेरीस. पण हा फॉन्ट त्याच्या काही वर्षे आधी तयार झाला होता आणि चाचणी आवृत्तीतून २००६ मध्ये थोड्या लोकांच्या संगणकांवर पोचलाही होता. म्हणजे 'अशक्य' असे म्हणता येत नव्हते, 'फारच संभवत नाही' एवढेच म्हणता येत होते. शरीफ यांचे पद गेले ते फॉन्टमुळे नव्हे, वेगळ्याच कारणाने. कन्येला २०१८ मध्ये शिक्षा झाली आणि २०२२ मध्ये इस्लामाबाद उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. वृत्तपत्रांनी 'फॉन्टने सरकार पाडले' असे मथळे दिले, तरी न्यायाच्या वाटेवर फॉन्ट हा एक दुवाच राहिला.

मला याहून मोलाचा वाटतो तो नागपूरचा खटला, कारण तो कॅलिब्रीच्या पासष्ट वर्षे आधीचा आहे आणि मराठी मुलुखातला आहे. हणमंत गोविंद नरगुंदकर हे मध्य प्रांताचे, म्हणजे त्या वेळच्या नागपूर राजधानीतले, अबकारी आयुक्त होते. शिवनीच्या मद्यार्क कारखान्याचा ठेका एका निविदाधारकाला मिळावा म्हणून संगनमत आणि खोटे कागद केल्याचा आरोप त्यांच्यावर आणि त्या निविदाधारकावर होता. पुराव्यात टंकलिखित पत्रे होती. त्यांतल्या एका पत्रावर नोव्हेंबर १९४६ ची तारीख होती. फिर्यादी पक्षाचे म्हणणे असे की ते ज्या टंकयंत्रावर टंकले आहे, ते यंत्र १९४६ संपत येईपर्यंत नागपुरात आलेच नव्हते. म्हणजे पत्र मागाहून टंकून त्यावर मागची तारीख घातली. कॅलिब्रीच्या प्रकरणातला सगळा युक्तिवाद इथे आधीच मांडलेला आहे, फक्त फॉन्टच्या जागी यंत्र आहे.

तज्ज्ञ आले, त्यांनी अक्षरे ताडून पाहिली आणि पत्र त्याच यंत्राचे असल्याचे सांगितले. पण १८७२ च्या पुरावा कायद्यातले कलम ४५ परकीय कायदा, शास्त्र, कला, हस्ताक्षर आणि बोटांचे ठसे एवढ्यांपुरतेच तज्ज्ञाचे मत ग्राह्य धरत होते. टंकयंत्र त्यात बसत नाही, असे उच्च न्यायालयाने मानले आणि तरीही त्या मतावर काही भिस्त ठेवली. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर १९५२ रोजी या विसंगतीवर बोट ठेवले आणि दोन्ही आरोपींना निर्दोष सोडले. परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी कशी पूर्ण असली पाहिजे, यासाठी कायद्याचे विद्यार्थी हा निकाल आजही पाठ करतात. त्याच निकालामुळे टंकयंत्राचा तज्ज्ञ पुढची चव्वेचाळीस वर्षे न्यायालयाच्या उंबऱ्याबाहेर राहिला, ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही.

दिल्लीतल्या एका पार्सल-बॉम्ब खून खटल्याच्या निमित्ताने १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा मुद्दा पुन्हा तपासला. टंकयंत्राच्या अक्षरांची तुलना हेही शास्त्रच आहे आणि तज्ज्ञाचे मत ग्राह्य आहे, असे ठरवले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ३९ मध्ये तर शास्त्र आणि कला यांच्या पुढे 'अन्य कोणतेही क्षेत्र' असे शब्द आले आहेत. म्हणजे फॉन्टचा जाणकार आज न्यायालयात उभा राहू शकतो. आता अडचण कायद्याची राहिलेली नाही. त्या जाणकाराला हाताशी धरायला मराठी अक्षरांची तारीखवार नोंद कुठे आहे, हा प्रश्न आहे.

देवनागरी टंकयंत्राचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. यंत्रावर कळा मोजक्या आणि आपली अक्षरे व जोडाक्षरे भरपूर. म्हणून रेमिंग्टन पद्धतीच्या कळफलकावर ख, घ, ण, थ, ध, भ, श, ष, क्ष ही अक्षरे एका ठोक्यात उमटत नसत. आधी अर्धे अक्षर, मग काना, अशी ती दोन ठोक्यांत जुळत. जुन्या टंकलिखित पानावर भिंग धरा आणि 'धरणगाव' शब्दातला ध आणि ण पाहा. अर्ध्या भागाची शिरोरेघ आणि कान्याची शिरोरेघ जिथे भेटतात तिथे केसाएवढी फट किंवा पायरी दिसते. कान्याचा खिळा झिजलेला असेल, तर त्या पानावरच्या प्रत्येक ध, भ, श, ष मध्ये तोच दोष त्याच जागी येतो. क किंवा र मध्ये तो येत नाही, कारण ते एकाच ठोक्याचे. रफार, मात्रा, अनुस्वार यांच्या कळा गाडी पुढे न सरकवता उमटायच्या. त्यामुळे एखाद्या यंत्राचा अनुस्वार कायम डावीकडे कललेला दिसतो. असे पाच-सहा दोष एकत्र सापडले, की यंत्र ओळखू येते. आणि यंत्रालाही जन्मवर्ष असते. गोदरेजने टंकयंत्रे बनवायला सुरुवात केली १९५५ मध्ये. गोदरेजच्या अक्षरात १९४८ चा कागद असू शकत नाही.

संगणकावर नंतर मुद्दाम 'टंकलिखित दिसेल' असा फॉन्ट लावून केलेला कागद याच कसोटीवर उघडा पडतो. त्यात ध जोडलेला नसतो, सलग असतो. आणि प्रत्येक ध हुबेहूब आधीच्या ध सारखा असतो, ठोक्याचा हलका-जड फरक नसतो. कागदाच्या पाठीवर बोट फिरवले तर उठावही लागत नाही.

टंकयंत्राच्या मागचा काळ शिशाच्या खिळ्यांचा. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला आणि राणोजी आरूंसारख्या कारागिराने कोरलेल्या मुंबई वळणाच्या अक्षरांनी मराठी-संस्कृत छपाईला चेहरा दिला. मुंबईचा अ, झ आणि ण उत्तरेकडच्या जुन्या वळणाहून वेगळे होते. एवढ्यावरूनही पुष्कळदा छपाई कुठली ते कळते. पण सरकारी छापील नमुन्यांत अक्षरापेक्षाही बोलका भाग तळाशी असतो. छापखान्याचे नाव, प्रतींची संख्या, महिना आणि वर्ष सांगणारी ती बारीक ओळ कोणी वाचत नाही. येरवडा कारागृह मुद्रणालयासारख्या ठिकाणी असे नमुने लाखांनी छापले गेले. नमुना छापला १९८५ मध्ये आणि त्यावरची नोंद १९७९ ची, असे निघाले तर अक्षरतज्ज्ञाकडे जायचीही गरज पडत नाही. खाडाखोड करणारे हस्ताक्षराची नक्कल जीव ओतून करतात आणि ही ओळ विसरतात.

शुद्धलेखन हीसुद्धा एक तारीख आहे. साहित्य महामंडळाचे लेखननियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले, १९७२ मध्ये भर पडून ते अठरा झाले. त्याआधीच्या छापील मजकुरात 'कांहीं', 'नाहीं', 'आंत' असे अनुस्वार सर्रास असत. १९३५ च्या म्हणून आलेल्या लांबलचक मजकुरात एकही अनुच्चारित अनुस्वार नसेल, तर मन साशंक व्हायलाच हवे. 'अि', 'अु' अशी सावरकरी बाराखडी दिसली तर तीही त्या लिपीसुधारणेच्या काळाकडे बोट दाखवते. मात्र इथे सावध राहावे. नियम बदलले म्हणून तलाठ्याचा किंवा मास्तरांचा हात एका दिवसात बदलत नाही. अनेकांनी पुढची वीस वर्षे जुनेच लिहिले. लेखनपद्धती संशय जागा करते, निकाल देत नाही.

मोडीच्या बाबतीत ही नजर आपल्या इतिहाससंशोधकांकडे कधीपासून आहे. शिवकालीन, पेशवेकालीन, आंग्लकालीन अशी वळणे ते ओळखतात. बोरूची जाड-बारीक रेघ आणि टाकाची रेघ वेगळी काढतात. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना गावोगावच्या दप्तरांत बसवावे लागले आणि ही विद्या जाणणारे किती थोडे उरले हे दिसले. मोडीसाठी जे कष्ट घेतले गेले, त्यांच्या दहाव्या हिश्शाइतकेही आपण छापील बालबोध अक्षरांसाठी घेतलेले नाहीत.

संगणकाचा काळ जवळचा, म्हणून तो सोपा वाटतो. प्रत्यक्षात इथेच गुंता जास्त आहे. १९९० च्या दशकात पुण्याच्या सी-डॅकचे सुरेख, योगेश असे फॉन्ट, मॉड्युलरची श्री-लिपी, आकृती, शिवाजी अशी मंडळी कचेऱ्यांतून आणि झेरॉक्सच्या दुकानांतून पसरली. या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांत अक्षराचे तुकडे ठरलेल्या मापाचे असत. पहिली वेलांटी पाहिली की ते कळते. 'कि' वर ती नीट बसते, पण 'क्षि' किंवा 'स्त्रि' अशा रुंद अक्षरावर तिची कमान मध्येच संपते, दंडापर्यंत पोचत नाही. पुढच्या चांगल्या ओपनटाइप फॉन्टांत वेगवेगळ्या रुंदीच्या वेलांट्या ठेवलेल्या असतात आणि अक्षर पाहून योग्य ती आपोआप बसते.

युनिकोड मराठी घराघरांत आणणारा मंगल हा फॉन्ट र. कृ. जोशी यांचा. विंडोज २००० बरोबर तो आला. कोकिळा, अपराजिता, उत्साह हे २००९ च्या विंडोज ७ बरोबर आले आणि निर्मला २०१२ च्या विंडोज ८ बरोबर. म्हणजे डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवणारा, २००४ ची तारीख असलेला मूळ ठराव कोकिळा फॉन्टात असेल, तर तो २००४ चा नाही. रुपयाच्या ₹ चिन्हाचेही तसेच. आयआयटी मुंबईत शिकलेल्या उदय कुमार यांचे हे चिन्ह सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ते युनिकोडमध्ये गेले. योगायोग असा की देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला तोही २०१० च्या सप्टेंबरात आणि याच नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावी. या जिल्ह्यातल्या २००८ च्या पावतीवर ₹ छापलेला दिसला, तर पावतीपुस्तक नंतरचे आहे.

ल आणि श वरून मात्र घाईने काही ठरवू नये. पाकळीचा ल आणि देठाचा श ही मराठीची वळणे. शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या आणि पुन्हा १० नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयात मराठीसाठी लिपी प्रमाणित केली. पण मधली कित्येक वर्षे संगणकात जे वळण आले तेच मराठी माणसाने वापरले. शिवाय काही फॉन्टांत दोन्ही वळणे असतात आणि भाषा हिंदी निवडली आहे की मराठी, यावर कोणते उमटेल ते ठरते. हिंदी वळणाचा ल दिसला म्हणून कागद परप्रांतात तयार झाला, असे म्हणणारा माणूस तज्ज्ञ नव्हे.

आता या विद्येची खरी मर्यादा, जी सांगितल्याशिवाय ती गावात नेऊ नये. अक्षर 'हा कागद तितका जुना नाही' एवढेच सांगू शकते. 'हा कागद खरा आहे' असे ते कधीच सांगू शकत नाही. तेलगीचे बनावट मुद्रांक प्रकरण आठवा. नाशिकच्या भारत प्रतिभूती मुद्रणालयातली मोडीत काढलेली यंत्रे त्या टोळीच्या हाती लागली होती. सरकारी यंत्रावर छापलेल्या मुद्रांकाचे अक्षर सरकारीच दिसणार. तिथे अक्षरतज्ज्ञ काय करील? ते प्रकरण उलगडले ते माणसे, पैसा आणि साठे यांच्या तपासातून.

उलट बाजू काठीसारख्या गावासाठी जास्त जिव्हाळ्याची आहे. फॉन्ट नवा असला म्हणजे मजकूर खोटा, असे मुळीच नाही. १९४७ च्या नोंदीची नक्कल कचेरीने २०१५ मध्ये संगणकावर टंकून, शिक्का मारून दिली, तर ती निर्मलासारख्या नव्या फॉन्टात असू शकते आणि तरी ती खरीच असेल. जुन्या फॉन्टातल्या याद्या युनिकोडमध्ये बदलताना रफार उडतो, जोडाक्षर फुटते, आडनाव बदलते. मग बापाचे आणि मुलाचे आडनाव जुळत नाही म्हणून दावा परत येतो. भिली, पावरी, देहवाली बोलणाऱ्यांची नावे आधीच परक्या कानांनी ऐकून देवनागरीत उतरवलेली आहेत. सीमेपलीकडच्या कागदांवर ती गुजराती लिपीतही येतात. त्यात संगणकाच्या चुकीचा भुर्दंड त्या माणसाने का भरावा? अक्षर जाणणारा तज्ज्ञ अशा वेळी दावेदाराच्या बाजूनेही उभा राहिला पाहिजे. ही लबाडी नाही, फॉन्ट बदलतानाची मोडतोड आहे, हे त्याने दाखवून द्यायला हवे. माझ्या दृष्टीने या विद्येचा हा उपयोग खोटे पकडण्याइतकाच मोठा आहे.

वनहक्काच्या नियमांनी याची दिशा दाखवलेली आहे. गॅझेटिअर, शिधापत्रिका, घरपट्टीच्या पावत्या यांच्याबरोबर गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही तिथे पुरावा आहे. २०१२ च्या दुरुस्तीने उपग्रह छायाचित्रांबद्दल सांगितले की ती इतर पुराव्याला पूरक आहेत, पर्याय नव्हेत. फॉन्टच्या पुराव्यालाही हीच जागा द्यावी. नंदुरबारच्या तपासणी समितीसमोर किंवा उपविभागीय समितीसमोर कोणी 'हा फॉन्ट त्या काळचा नाही' म्हटले, तर पहिला प्रश्न विचारावा: हे मूळ आहे की नक्कल? दुसरा: नक्कल असेल तर कोणी, कधी दिली? या दोन उत्तरांआधी दावा फेटाळणे म्हणजे अन्याय आहे.

राज्यात गुन्हे अन्वेषण विभागाचे दस्तऐवज परीक्षक आहेत, शिमल्याचे केंद्र सरकारचे कार्यालय तर विसाव्या शतकाच्या आरंभापासूनचे. पण परीक्षक तुलना कशाशी करणार? बापूराव नाईकांनी देवनागरी मुद्राक्षरांचा जो तीन खंडांचा इंग्रजी ग्रंथ सिद्ध केला, तो भाषा संचालनालयाने १९७१ मध्ये काढला. त्यानंतरच्या अर्ध्या शतकात टंकयंत्रे गेली, खिळे वितळले, ऑफसेट आले, फॉन्ट बदलले. कुठला मराठी फॉन्ट कोणत्या वर्षी, कोणत्या आवृत्तीत बाजारात आला, शासनाचा कोणता नमुना केव्हा बदलला, याची एकत्र तारीखवार सूची राज्य मराठी विकास संस्था, भाषा संचालनालय आणि शासकीय मुद्रणालय यांनी मिळून करावी आणि ती सर्वांना फुकट खुली ठेवावी.

तोवर वाचकांनी करण्यासारखे एक काम आहे. घरात, शाळेत, सोसायटीत, बंद पडलेल्या छापखान्यात जुने मराठी टंकयंत्र किंवा खिळ्यांचा नमुनासंच असेल, तर तो भंगारात देण्याआधी त्यावर पूर्ण बाराखडी, अंक आणि जोडाक्षरे यांचे एक पान उमटवा. त्यावर यंत्राची कंपनी, क्रमांक, खरेदीचे वर्ष आणि गाव लिहा, शक्य असेल तर जुनी पावती जोडा. फॉन्टच्या जुन्या सीडी आणि छापखान्यांच्या नमुनावह्याही तशाच ठेवा. आणि हे सारे आपल्या जिल्ह्याच्या शासकीय ग्रंथालयात पोच घेऊन जमा करा.